डॉक्टर हू आणि माझी यादी

रविवार, रात्री उशिरा

दुपारी धाकटीने विचारलं, "ताई, ते तुझं डॉक्टर हू कुठून बघायला घेऊ गं?" डॉक्टर हू म्हणजे काळात आणि अवकाशात भटकणाऱ्या 'डॉक्टर'ची ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका. मी वही-पेन घेऊन बसले, आणि तिथेच चुकलं.

माझी स्वतःची सुरुवात आठवली. मला काहीही मधूनच बघायला चालत नाही, म्हणून मी थेट १९६३ गाठलं होतं. २३ नोव्हेंबरला बीबीसीवर लागलेला पहिला भाग. दोन शिक्षक एका विचित्र विद्यार्थिनीच्या मागोमाग भंगाराच्या आवारात शिरतात. तिथे फोन-बूथएवढी पोलिसांची निळी पेटी, म्हणजे डॉक्टरचं यान, उभी (निळी हे आपल्याला माहीत, चित्र कृष्णधवल), हात लावला तर थरथरते, आणि आत गेलं तर ही मोठी उजेडाची खोली! ती पंचवीस मिनिटं आजही परत बघेन. पण पुढचे तीन भाग गुहेतली माणसं विस्तव कोणी पेटवायचा यावरून भांडत बसतात. त्या गुहेत मी दोनदा झोपले.

बरं, नेटाने रेटलं तरी क्रम पुरा होतच नाही. बीबीसीने जुन्या टेपा पुसून टाकल्या. साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग आजही चित्रासकट उपलब्ध नाहीत; आवाज तेवढा उरलाय, तोही घरबसल्या रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या प्रेक्षकांच्या कृपेने. हे कळलं तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.

शिवाय ही मालिका एका सरळ रेषेत कधी चाललीच नाही. पहिला डॉक्टर साकारणाऱ्या विल्यम हार्टनेल यांना तब्येतीमुळे काम झेपेना, तेव्हा १९६६ साली डॉक्टरचा चेहराच बदलून टाकला आणि पॅट्रिक ट्राउटन आले. तेव्हापासून चेहरा बदलला की ओळखपाळख पुन्हा पहिल्यापासून. मधूनच सुरुवात सुचवायला मला तर आयतं निमित्तच मिळालं.

२००५ चा 'रोज' नावाचा भाग यादीत लिहिला. तिथे मालिका नव्याने सुरू झाली, सगळे तोच सांगतात. पण त्यात प्लास्टिकचा कचऱ्याचा डबा माणसाला गिळून ढेकर देतो. मला तो डबा प्रिय आहे. धाकटीचा भरवसा नाही. म्हणून त्याच्यावर २०१० चा 'द इलेव्हन्थ अवर' लिहिला. नवा डॉक्टर, नवी सोबतीण, मागचं काही ठाऊक नसलं तरी अडत नाही. पाच मिनिटांत येतो म्हणून तो जातो, आणि ती चिमुरडी कोट-टोपी घालून बागेत बॅगेवर बसून राहते. तो उगवतो बारा वर्षांनी. हे एक दृश्य आवडलं नाही तर मग नादच सोडावा.

'ब्लिंक' मात्र मुद्दाम खोडला. २००७ चा हा भाग नव्या माणसाला दाखवायची पद्धतच पडलीय. भयानक पुतळ्यांची ही गोष्ट अप्रतिम आहे, पण डॉक्टर त्यात जेमतेम दिसतो. पाहुण्याला बोलवायचं आणि यजमानाने बाहेर जायचं, तसलं काहीतरी.

रात्री यादी घेऊन तिच्या खोलीत गेले. दिवे सगळे चालू, बाईसाहेब पांघरुणात. कुणाचं तरी ऐकून तिने परस्पर 'ब्लिंक'च बघितला होता.

"पुतळ्यांचं जाऊ दे," ती म्हणाली, "तो व्हिडिओमधून बोलणारा चष्मेवाला कोण होता? त्याचं अजून काही आहे का?"