पाच म्हणायचंच राहिलं

लावणीचे दिवस. पहाटे साडेतीनला खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतल्या आमच्या आरोग्य केंद्रात एका पोराला आणलं. विशीतला, जमिनीवर घोंगडं टाकून झोपलेला. पोटात दुखतंय म्हणून उठला आणि तासाभरात पापण्या उघडेनात. अंगभर शोधलं, दाताची खूण नाही, सूज नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "मण्यार."

लगेच १० कुप्या काढल्या. सर्पविषावरचं औषध पावडरीच्या रूपात येतं. पाणी घातल्यावर कुपी गदागदा हलवायची नाही, फेस होतो. तळहातांमध्ये धरून हळूहळू फिरवायची. दारात त्याची आई ओरडत होती, "काय होऊलालंय ओ सिस्टर तेला?" आणि मी आपली कुप्या फिरवत बसले होते. जीव घाईला आलेला असताना हात सावकाश ठेवणं फार अवघड जातं.

औषध गेलं, तरी श्वास उथळ होत गेला. डॉक्टरांनी श्वासनलिकेत नळी घातली आणि अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, माझ्या हातात दिली. मण्यारीचं असंच असतं. औषध रक्तात मोकळं फिरणारं विष धरतं, पण नसांच्या टोकांना जे व्हायचं ते एकदा झालं की औषध ते परतवू शकत नाही. ती टोकं आपली आपण भरून येतात, त्याला दिवस लागतात. तोवर दुसऱ्या कुणीतरी त्याला श्वास द्यायचा. व्हेंटिलेटर बेळगावात, म्हणजे तिथपर्यंत मीच.

आमच्या प्रार्थनामंडळातल्या एक मावशी नेहमी सांगतात, "बाळ, सगळं प्रभूवर सोड." माझे पप्पा उद्यमबागच्या फाउंड्रीत साचे भरायचे, ते म्हणायचे, आमेन म्हटल्यानं साचा भरत नाही. मी दोघांच्या मध्ये वाढले, आणि खरं सांगायचं तर ड्युटीवर पप्पांची नि रविवारी मावशींची, अशी वाटणी करून टाकली होती.

त्या पहाटे ती वाटणी टिकली नाही. कुसमळीचा पूल ओलांडला, पाऊस काचेवर नुसता ओतत होता, आणि मला भीती वाटली. हात बॅगेवर ठेवूनच मी डोळे मिटले. चांगली मनापासून प्रार्थना चालली होती. तेवढ्यात समोरचा १०८ रुग्णवाहिकेवरचा मुलगा ओरडला, "सिस्टर, निघालंय!"

वळणावर बॅग नळीपासून सुटली होती. मी दाबत होते, हवा गाडीत जात होती. ऑक्सिमीटरचा आकडा अजून उतरला नव्हता, पण छाती वर येत नव्हती. त्यानं पुन्हा जोडलं. काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

मग डोळे उघडे ठेवले. छातीवर नजर, एका हातानं जोड धरलेला, दुसऱ्यानं बॅग. मोठ्यानं मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, प्रभू. 'प्रभू' म्हणताना दाबायचं. ठरवून केलं नाही, तोंडातून तसंच आलं. किणयेच्या अलीकडे बोटं आखडली, तेव्हा १०८ वाल्यानं बॅग घेतली आणि मी जोड धरला. बायबलात डोंगरावर मोशेचे वर धरलेले हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते धरले होते, खाली यहोशवा लढतच होता. ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना कित्येकदा सांगितली असेल.

घरी येऊन बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र उघडलं, दुसरा अध्याय, १२ आणि १३. तारण साधून घ्या असं पौल म्हणतो, आणि साधून देणारा देव आहे असंही म्हणतो. मी आजवर या दोन्हींच्या मध्ये मनातल्या मनात 'पण' वाचत आले होते. तिथं 'कारण' आहे.

पोरगा चार दिवस व्हेंटिलेटरवर होता. आधी एक बोट हललं, मग पापण्या. मण्यारीच्या रोग्याला पुष्कळदा सगळं ऐकू येत असतं, फक्त काही हलवता येत नाही. हे आम्ही शिकलेलो असतो आणि त्याच्या उशाशी बसून विसरतो.

महिन्यानं तो आईबरोबर केंद्रात आला. लाजत उभा राहिला. मी म्हटलं, काय रे, कसा आहेस?

"बरा आहे की. एक विचारू काय सिस्टर? गाडीत तुम्ही चारच्या पुढं पाच का म्हणत नव्हता ओ?"

आई त्याला दटावायला लागली. मी त्याचा बीपी घ्यायला पट्टा शोधू लागले.