नहाणी ट्रॅपमध्ये गेलेलं ग्राउट

बाथरूमच्या फरशा बसवून झाल्या आणि संध्याकाळी पाणी जाईना. जाळी उचलून टॉर्च मारला, तर ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या पाइपाच्या, तळाशी राखाडी चिखल. हाताखालच्या पोराने ग्राउटची, म्हणजे फरशांच्या फटीत भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाची, बादली आणि थापी तिथेच खळखळून धुतली होती. धुवण पातळ दिसतं, पण त्यातलं सिमेंट आणि वाळू जड असते. ट्रॅपच्या वाकात पाणी साचून राहतं, तिथे ती आरामात बसते.

पाण्यात आहे म्हणजे ओलंच राहील, सकाळी बघू, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. सिमेंट मात्र वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते आवळतं आणि पाण्याखालीही तितकंच छान आवळतं. साध्या पोर्टलँड सिमेंटला एका रात्रीचा वेळ पुरतो. पुढे २८ दिवस आणि त्यानंतरही त्याची ताकद वाढतच जाते. त्यामुळे सकाळपर्यंत थांबायचा प्रश्नच नव्हता.

त्या लाइनवरचे सगळे नळ बंद केले. ओलं सिमेंट कातडी भाजतं म्हणून रबरी हातमोजे घातले आणि जुन्या वाटीने ट्रॅप उपसायला घेतला. वर पाणी, मध्ये दह्यासारखा थर आणि तळाशी बोटाला कचकच लागणारी वाळू. ट्रॅप मोकळा झाला, पण पुढच्या आडव्या पाइपात वाटी पोचेना.

तोवर सल्ले सुरू झाले होते. उकळतं पाणी ओत म्हणे. उष्णतेने सिमेंट उलट लवकर धरतं. कॉस्टिकची पावडर तेल-केसांवर चालते, सिमेंटवर नाही. सिमेंट स्वतःच अल्कधर्मी. ॲसिडने ते विरघळतं खरं, पण ॲसिड धातूची फिटिंग खातं, आणि ट्रॅपमध्ये आधीचं ब्लीच असेल तर क्लोरीन वायू सुटतो. साखरेचं पाणी ही थट्टा वाटते, पण साखर सिमेंटचं धरणं खरोखर लांबवते. फक्त ते ओलं असेपर्यंतच, आणि साचलेला गाळ त्याने हलत नाही.

प्लंबर सकाळी आला. त्याने बाहेरचं चेंबर, म्हणजे पाइप जिथे उघडतो तो झाकणाचा खड्डा, उघडून उलट्या बाजूने पाइप मोकळा करायची लांब स्प्रिंग सारली. ती गेली, पण एका जागी उड्या मारत. मग पाइपावर पान्याचा दांडा ठोकत निघाला: पोकळ, पोकळ, आणि एकदम बद्द. खरवडत बसला असता तर पीव्हीसी तडकलं असतं. तेवढा तुकडा कापून नवा टाकला, दोन्हीकडे जोडणीचे कपलर. मला हे पटलं. कापलेल्या तुकड्याचा खालचा तिसरा हिस्सा भरला होता, वरून कोब्यासारखा गुळगुळीत, त्यात दोन-चार केस अडकलेले.

सांधे सुकल्यावर मी वर बादली ओतली आणि तो चेंबरपाशी उभा राहिला. पाणी एका दमात आलं, मागून थोडी वाळू. ती त्याने तिथेच उचलून घेतली. उरलेल्या फरशांच्या कामाला मी एक जुना पिंप ठेवला: अवजारं त्यातच धुवायची, गाळ तळाशी बसून दगड झाला की राडारोड्यात.