शनिवार हाताशी ठेवून: मेम्फिस ते बेंटोनिया, ज्यूक जॉइंटच्या रस्त्याने

ज्यूक जॉइंट म्हणजे थोडक्यात ब्लूज गाण्याचा गुत्ता. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं, बहुधा गिटारवरचं लोकगाणं. बटईने कापूस पिकवणारे कृष्णवर्णीय मजूर आठवडाभर राबून शनिवारी रात्री जिथे जमायचे, प्यायचे, नाचायचे, ती जागा. आजही अशा जागेला धड पाटी नसते आणि छापील वेळापत्रकावर फार विसंबता येत नाही. मालकाने दार उघडलं की चालू, नाही उघडलं की बंद. म्हणून मिसिसिपी डेल्टाचा प्रवास आखताना कॅलेंडर आधी, नकाशा नंतर. रविवारी पोचून मंगळवारी परतणाऱ्याच्या वाट्याला कुलपंच जास्त येतात, कारण तिथली बरीच संग्रहालयं रविवार-सोमवार बंद असतात आणि गाण्याचा जोर गुरुवार ते शनिवार असतो. खालचा मार्ग गुरुवारी सकाळी मेम्फिसहून निघून सोमवारी दुपारी संपतो, तो याच हिशेबाने.

हा डेल्टा समुद्राकाठचा नव्हे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधलं हे सपाट पूरमैदान, मेम्फिसच्या दक्षिणेपासून विक्सबर्गपर्यंत. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी बस मिळेल या भरवशावर राहू नये. शिकागो-न्यू ऑर्लिन्स रेल्वे मार्क्स आणि ग्रीनवुडला थांबते, पण स्टेशनवर उतरून पुढे काय, हा प्रश्न राहतोच. गाडी हवीच. भारतातून जाणाऱ्यांनी लायसन्ससोबत आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. अटलांटा किंवा डॅलसच्या मराठी मंडळींना घरून निघून एका दिवसात मेम्फिस गाठता येतं. मेम्फिसला घेतलेली गाडी जॅक्सनला सोडण्याचं वेगळं शुल्क बरंच पडू शकतं, ते बुकिंग करतानाच विचारावं.

एप्रिल आणि ऑक्टोबर हे उत्तम महिने. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीला, हवा मुंबईसारखी दमट, आणि भातखाचरं व मासळीच्या तळ्यांमुळे डास मुबलक. ऑक्टोबरात कापूस फुटलेला असतो. रस्त्याच्या कडेला सरकीसकट उडून आलेली बोंडं दिसतात, पण कापूसवेचणीची अजस्र यंत्रंही रस्त्यावर येतात. त्यांना ओलांडायची घाई नको. एप्रिलमध्ये क्लार्क्सडेलला ज्यूक जॉइंट फेस्टिव्हल भरतो, त्याच्या खोल्या पुष्कळ महिने आधी भरतात. गाणं भरपूर ऐकायला मिळतं हे खरं, पण ज्यूक जॉइंट कसा असतो हे बघायचं तर साधा शनिवार बरा. जत्रेत देऊळ नीट दिसत नाही.

मेम्फिसला एक दिवस पुरे. सॅम फिलिप्स यांनी १९५० मध्ये सुरू केलेला, पुढे सन स्टुडिओ म्हणून गाजलेला ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ, स्टॅक्स या सोल संगीताच्या रेकॉर्ड कंपनीचं संग्रहालय, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी जिथे हत्या झाली ते लॉरेन मोटेल. तिथलं नागरी हक्क संग्रहालय मंगळवारी बंद असतं. गाण्याच्या क्लबांचा बील स्ट्रीट संध्याकाळी पायी एकदा फिरून यावा. आता तो पर्यटकांचा बाजार आहे.

गुरुवारी दक्षिणेला निघताना पहिली चूक होते ती जीपीएसमुळे. ‘हायवे ६१’ टाकलं की तो चौपदरी नव्या रस्त्याने नेतो आणि गावं बाजूलाच राहतात. रॉबिन्सनव्हिल आणि ट्युनिकामधून ‘ओल्ड ६१’ जातो, तो मुद्दाम नकाशात टाकावा लागतो. क्लार्क्सडेल साधारण १२० किलोमीटर, सरळ गेलं तर दीड तास. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६५ मैलांची मर्यादा गावाच्या वेशीवर एकदम ३५ पर्यंत उतरते आणि पोलिसांची गाडी बरोबर तिथेच उभी असते. टाकी अर्धी झाली की भरावी. नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवावा, शेतांच्या मधोमध रेंज जाते.

क्लार्क्सडेलला तीन रात्री ठेवाव्यात, आणि मुक्काम गावातच, चालत क्लबला जाता येईल असा. हॉप्सन मळ्यावरच्या शॅक अप इनमधल्या जुन्या मजूरखोल्या मोहात पाडतात, पण ते गावाबाहेर पाचेक किलोमीटरवर आहे. रात्री टॅक्सी मिळेल असं धरून चालू नये, आणि प्यायल्यावर गाडी चालवायचा विचारही नको. तिथे राहायचंच असेल तर एकाने रात्रभर कोकवर भागवायचं. पोचल्या पोचल्या कॅट हेड या दुकानात जावं. त्या आठवड्यात कुठे कोण वाजवतंय याची खात्रीची यादी तिथे मिळते. गुरुवारची रात्र ग्राउंड झीरो या क्लबला घालवावी: मोठी जागा, जेवण मिळतं, भिंती सह्यांनी भरलेल्या. नवख्याला कान तयार करायला बरी. चौकातला निळ्या गिटारांचा खांब, म्हणजे ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने सैतानाला आत्मा विकला म्हणतात ती जागा, पाच मिनिटांत उरकावी. आजचे ६१ आणि ४९ हे हायवे त्या ठिकाणी एकमेकांना भेटतही नाहीत.

शुक्रवारी सकाळी डेल्टा ब्लूज म्युझियम. १९१८ च्या मालधक्क्याच्या इमारतीत ते आहे आणि ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या स्टोव्हॉल मळ्यावरच्या लाकडी घराचा सांगाडा आत उभा आहे. लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी १९४१ मध्ये त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं ते त्या मळ्यावर. सव्वाअकराच्या आत मात्र बाहेर पडायचं, कारण नदीपल्याड अर्कान्सामधल्या हेलेना गावी दुपारी सव्वाबाराला ‘किंग बिस्किट टाइम’ सुरू होतो. २१ नोव्हेंबर १९४१ पासून केएफएफए रेडिओवर चालू असलेला हा ब्लूजचा कार्यक्रम सोमवार ते शुक्रवारच असतो, म्हणून शनिवारवर ढकलू नये. सव्वाबाराच का, तर मजूर त्या वेळी जेवायला बसायचे. प्रायोजक होती पिठाची कंपनी. डेल्टा कल्चरल सेंटरमध्ये बसून प्रक्षेपण समोर बघता येतं.

शनिवारी सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा फेरा. क्लीव्हलंडच्या पूर्वेला हायवे ८ वर डॉकरी फार्म्स, डेल्टातला जुना ब्लूज गायक चार्ली पॅटन जिथे वाढला तो १८९५ चा मळा. तिथून इंडियानोला. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगच्या संग्रहालयाला दोन तास द्यावेत. तरुणपणी तो जिथे काम करायचा ती विटांची जिनिंगची इमारत संग्रहालयातच सामावली आहे, आणि २०१५ मध्ये गेल्यावर त्याला पुरलंही तिथेच. परतताना हॉली रिजला पॅटनची कबर. ब्लूजच्या ठिकाणांवर माहितीच्या पाट्या लावणाऱ्या मिसिसिपी ब्लूज ट्रेलची पहिली निळी पाटी डिसेंबर २००६ मध्ये तिथेच लागली. आता अशा पाट्या दोनशेच्या वर आहेत. दोन्ही बाजू वाचाव्यात, खरा मजकूर आणि फोटो मागच्या बाजूला असतात. पाऊस पडून गेला असेल तर डांबरी रस्ता सोडू नये. ही माती आपल्या काळ्या रेगडीची सख्खी बहीण, ओली झाली की चाकाला लगद्यासारखी चिकटते आणि भाड्याची गाडी जागची हलत नाही. जुन्या मार्गदर्शिकांत मेरिगोल्डजवळच्या ‘पो मंकीज’चं नाव हमखास असतं. मालक विली सीबेरी २०१६ मध्ये वारला तेव्हापासून ते बंद आहे.

संध्याकाळी पाचपर्यंत परत यावं, जेवून घ्यावं, आणि साडेसातला सनफ्लॉवर ॲव्हेन्यूवरच्या रेड्स लाउंजच्या दारात उभं राहावं. बाहेर मांस भाजायची गंजकी अजस्र भट्टी दिसली की जागा बरोबर. आत छत ठेंगणं, लाल दिवे, रंगमंच नाही. गिटारवाला आणि ड्रमवाला जमिनीवरच, पहिल्या खुर्चीपासून दोन हातांवर. दाराशी दहाएक डॉलर रोख द्यावे लागतात. कार्ड बाहेर काढूच नये, एक आणि पाच डॉलरच्या सुट्ट्या नोटा आधीच घेऊन ठेवाव्यात. वय विचारलं तर पासपोर्ट दाखवावा लागतो, एकवीस पूर्ण हवीत. बिअर घ्यावी, देणाऱ्याला डॉलरभर टिप द्यावी. बँडसमोर बादली असते, तीत दर सेटला निदान पाच डॉलर टाकावेत. वाजवणाऱ्याच्या कमाईत त्या बादलीचा वाटा मोठा असतो. फोटोआधी विचारावं, फ्लॅश कधीच नाही, आणि गाणं चालू असताना गप्पा नकोत. ॲम्प्लिफायर जवळ आणि खोली लहान, तेव्हा कानात घालायला बोळे न्यावेत. मालक रेड पेडन २०२३ च्या डिसेंबरमध्ये गेले, तरी कुटुंबाने जागा चालू ठेवली आहे. महिंद्रा ब्लूज महोत्सवात मेहबूब स्टुडिओत बसून ब्लूज ऐकलेल्यांना इथे पहिली दहा मिनिटं आवाज ओबडधोबड वाटेल. तारा कधी उतरलेल्या, गाणं मध्येच थांबतं, एखाद्या बाईला बघून शब्द बदलतात. बैठक जमायला वेळ लागतो. साडेदहाच्या आधी उठू नये.

शाकाहारी मंडळींची पंचाईत होते ती भाजीतच. पालेभाजी डुकराच्या हाडाबरोबर शिजवतात, शेंगांतही मांसाचा तुकडा असतो. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, ‘मांसाच्या पाण्यात शिजवलंय का’ असंच विचारावं. मक्याच्या सालात गुंडाळलेले तमाले ही डेल्टाची खासियत, तेही बहुतेक मांसाचेच. मेम्फिसमधल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानातून ठेपले, दही, फरसाण घेऊन बर्फाच्या पेटीत ठेवलं की पाच दिवस निभतात.

रविवारी टटवायलर. १९०३ मध्ये रेल्वेची वाट बघत बसलेल्या संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी सुरी तारांवर घासत गिटार वाजवणारा माणूस ऐकला तो इथे. गावाजवळ माउथ ऑर्गनवादक सनी बॉय विल्यमसनची (या नावाच्या दोघांपैकी दुसऱ्याची) कबर आहे, तिच्यावर लोकांनी ठेवलेले माउथ ऑर्गन गंजत पडलेले असतात. इथे हायवे ४९ फुटतो. ग्रीनवुडसाठी पूर्वेचा फाटा धरायचा. वाटेत समनर, जिथल्या कोर्टात १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय एमेट टिलचे मारेकरी निर्दोष सुटले. तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे गाणं कसल्या भीतीच्या सावलीत गायलं गेलं ते तिथे कळतं. रॉबर्ट जॉन्सनच्या कबरी तीन ठिकाणी दाखवतात. सर्वांत पटणारी ग्रीनवुडच्या उत्तरेला मनी रोडवर, लिटल झायन चर्चच्या आवारात. सकाळी तिथे प्रार्थना चालते, तेव्हा दुपारीच जावं.

सोमवारी याझू सिटी ओलांडून बेंटोनिया. ग्रीनवुडहून शंभरएक किलोमीटर. रुळांलगतचं ब्लू फ्रंट कॅफे १९४८ मध्ये होम्स दांपत्याने सुरू केलं आणि १९७० पासून ते त्यांचा मुलगा जिमी ‘डक’ होम्स चालवतो. आदल्या दिवशी फोन करून जावं. ब्लूज गायक स्किप जेम्स याच गावचा, आणि इथली गिटार वेगळी लावतात: जाड तारेपासून मोजलं तर सा, प, सा, कोमल ग, प, सा. नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी उदास ऐकू येतं ते त्या कोमल गंधारामुळे. होम्स यांना लहर आली तर दुपारीच वाजवतात, नाहीतर शीतपेय घेऊन बाकावर बसायचं. सीडी तिथेच रोखीने मिळते. जॅक्सन इथून पाऊण तासावर आहे आणि जॅक्सनहून आय-५५ या हायवेने मेम्फिस आणखी तीन-सव्वातीन तास. मेम्फिसहून रात्रीचं विमान असेल तर बेंटोनियातून दोनच्या आत उठावं.