केमोनंतर हातापायांचा बधिरपणा आणि आग: माझा अनुभव

कॅन्सरची केमो संपली की त्रासही उतरणीला लागणार, असं घरातले सगळे धरून चालतात. ऑक्झालीप्लॅटिन आणि सिसप्लॅटिन या औषधांचं तसं नसतं. शेवटचं सलाईन होऊन गेल्यावरही दोन ते सहा महिने मुंग्या आणि बधिरपणा वाढत राहू शकतो आणि मग हळूहळू ओसरायला लागतो. मला ऑक्झालीप्लॅटिन होतं. हे आधीच कळलेलं असलं, तर वाढत्या बधिरपणामुळे आजार उलटल्याची धास्ती बसत नाही.

पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, व्हिंक्रिस्टिन आणि बोर्टेझोमिब या औषधांनीही नसा दुखावतात. सगळ्यात लांब नसांना आधी झळ बसते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते, मग हाताची बोटं. दोन्ही बाजूंना सारखंच होतं, मोजे-हातमोजे घातल्यासारखं. एकाच पायाची ताकद गेली, पाठ दुखून पाय लटपटू लागले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर तो हा बधिरपणा नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, तेही वेगळं दुखणं आहे. डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळी सांगावीत, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

ऑक्झालीप्लॅटिनचं थंडीशी वाकडं आहे. डोसनंतरचे काही दिवस गार वस्तूला हात लागला की करंट बसल्यासारखं होतं, आणि गार पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा वाटून श्वास अडतोय असं वाटतं. बहुतेक वेळा हे आठवडाभरात निवळतं, पण डॉक्टरांच्या कानावर घालावंच. जळगाव-धुळ्याकडे हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा सकाळचं नळाचं पाणीही चटका देतं. मी कोमट पाणीच पीत होते, फ्रिजमधलं काढायचं काम दुसऱ्याकडे दिलं होतं, आणि भांडी-धुण्यालाही कोमट पाणी घेत होते. डोस घेऊन मुंबईहून परतताना एसी डबा असेल तर मोजे, हातमोजे आणि तोंडावर मफलर लागतोच. पॅक्लिटॅक्सेलच्या वेळी काही ठिकाणी बर्फाचे हातमोजे घालतात, त्याचा काहींना उपयोगही होतो. ऑक्झालीप्लॅटिन चालू असणाऱ्यांनी ते ऐकून बर्फ लावू नये.

प्रत्येक डोसच्या आधी डॉक्टरांना काय सांगायचं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘थोड्या मुंग्या येतात’ एवढ्यानं काही कळत नाही. ब्लाउजचे हूक लागतात का, सुईत दोरा जातो का, पर्समधलं नाणं न बघता ओळखता येतं का, पायातून चप्पल निसटलेली कळते का, हे सांगा. डोस कमी करायचा, पुढे ढकलायचा की ते औषध थांबवायचं, हे त्यावरूनच ठरतं. केमो बंद करतील या भीतीनं पुष्कळ जण हे लपवतात आणि जन्माचं नुकसान करून घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता गोळ्यांचं. दुखणं, आग आणि टोचणी यांवर आजवर पुरावा असलेलं औषध एकच, ड्युलोक्सेटिन. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली नव्यानं केलेल्या मार्गदर्शनातही तेवढंच सुचवलं आहे. सहसा पहिला आठवडा ३० मिलिग्रॅम आणि मग ६० मिलिग्रॅम देतात. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. ही गोळी मनानं एकदम बंद करायची नसते, डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) किंवा ट्रामाडोल (दुखणं कमी करणारं औषध) चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल, तर आधी सांगायलाच हवं. प्रिगॅबालिन आणि गॅबापेंटिन आपल्याकडे सर्रास लिहून देतात. केमोच्या नसदुखीवर त्यांचा पुरावा कच्चा आहे, तरी काहींना रात्री झोप लागते. पण त्यांनी गुंगी येते, पाय सुजतात आणि तोल जातो. पायाला जमीन नीट कळत नसताना रात्री उठणं त्यामुळे आणखी धोक्याचं होतं.

‘नसांची ताकद’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांची पट्टी उलटी करून मागचं वाचा. तिथे पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ असतं. ते मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानंच नसा खराब होतात, आणि दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांमध्ये तेच दुपटीनं पोटात जातं. बी-१२ची मात्र रक्ततपासणी करून घ्यावी. शाकाहारी माणसांत आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ते कमी असू शकतं, आणि कमी असेल तर भरून काढल्यानं फरक पडतो. साखरही त्याच वेळी तपासावी. अॅसिटिल एल-कार्निटिन हे पूरक औषध टाळावं: पॅक्लिटॅक्सेल-डोसिटॅक्सेल घेणाऱ्या बायकांवरच्या चाचणीत त्यानं बधिरपणा कमी न होता वाढला होता.

हे सगळं दुखण्यापुरतं झालं. बधिरपणा घालवणारी गोळी नाही. दुखणारा पाय आपण जपतो, बधिर पायाकडे लक्षच जात नाही, म्हणून मी बधिरपणाला जास्त भिते. जे कातडीला कळत नाही ते डोळ्यांनी बघायचं, एवढाच त्यावर मार्ग.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम. ऊन किती झालं ते बोटानं नाही, कोपरानं बघायचं. कोपरही मंद असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसानं. भाकरी हातानं उलटायची सवय सोडून उलथनं धरायचं, पातेल्याला सांडशी. मांडे करायचं खापर आणि बट्ट्यांचा विस्तव दुसऱ्याच्या हाती द्यावा. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली की गरम असतानाच सोलायची आपल्याकडे घाई असते. ती पूर्ण निवू द्यावीत, नाहीतर बोटांना फोड येतो आणि तो दिसतो तेव्हाच कळतो. शेकोटीपासून दोन हात लांब बसावं, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊच नये. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट-हळद काही लावायचं नाही, फोड फोडायचा नाही.

कापूस वेचताना वाळल्या बोंडाची टोकं बोटात घुसतात. बधिर बोटाला पत्ता नसतो, पांढऱ्या कापसावर लाल ठिपका उमटतो तेव्हा कळतं. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी असतात, त्यामुळे एवढीशी जखमही चिघळते. ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर रात्र असली तरी दवाखान्यात जायचं.

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा अंगणातली फरशी आणि देवळातला दगड अनवाणी पायाला भाजतो, म्हणून देवळात जाड मोजे घालून जावं. पादत्राण मागून पट्टा असलेलं, पुढे अंगठाभर जागा राहील असं, आणि पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा संध्याकाळी विकत घ्यावं. घालण्याआधी उलटं करून आपटायचं: खडा, काटा, विंचू, काहीही निघतं. रात्री जमिनीवर आरसा ठेवून टॉर्चनं तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. भेगांना खोबरेल चालतं, बेचक्यात नको. खाली झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. बधिर पायाची बोटं उंदीर कुरतडतात आणि झोपेत कळत नाही.

पायाकडून येणारी खबर तुटली की तोल डोळ्यांवर टिकतो. म्हणून अंधारात आणि तोंड धुताना डोळे मिटल्यावर झोक जातो. भिंतीला एक हात ठेवायचा आणि रात्री संडासच्या वाटेवर दिवा चालू ठेवायचा. तोलासाठी ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं आणि भिंतीलगत टाचेला अंगठा लावून चालणं रोज करावं, पहिल्यांदा कुणीतरी शेजारी असताना. हातांसाठी मी ताटात तूर, हरभरा आणि मूग कालवून वेगळे करत असे, आधी बघून, मग न बघता.

गाडीचं मात्र कडक ठेवावं. पायानं किंवा हातानं ब्रेक किती दाबला हे कळत नसेल, तर मोटारसायकल काय आणि स्कूटी काय, चावी घरच्यांकडे द्यावी. बधिरपणा बहुतेकांत महिन्यांनी कमी होत जातो, काहींच्या पायाच्या बोटांत वर्षानंतरही उरतो. गाडी पुन्हा चालवायची ती डॉक्टरांनी हातापायांची संवेदना तपासल्यावरच.