हळदीच्या दिवशी बेस गेला कुठे?

चुलतभावाच्या हळदीला मी पहिल्यांदाच एकट्याने साउंडचा सेट लावला. दोन टॉप म्हणजे वरच्या आवाजाचे स्पीकर, अठरा इंची दोन बेस म्हणजे खालच्या आवाजाचे, दोन अ‍ॅम्प, वरचा-खालचा आवाज वेगळा करणारा क्रॉसओव्हर आणि मिक्सर. एरवी दादा असायचा, पण त्या दिवशी तो दुसऱ्या गावच्या सुपारीवर होता.

जोडणी पाठ होती. मिक्सरची लाइन क्रॉसओव्हरला, तिथून वरचा आवाज टॉपच्या अ‍ॅम्पला, 100 हर्ट्झखालचा बेसच्या. बेस 8 ओहमचे. दोन्ही एकाच चॅनेलवर टाकले की लोड 4 ओहम होतो, म्हणजे अ‍ॅम्पवर ताण वाढतो. अ‍ॅम्प तेवढा झेलतो ना, हे त्याच्या पाठीवर वाचून घेतलं. मिक्सर आधी चालू केला, अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी.

लॅपटॉपवर गाणं लावलं. टॉप खणखणीत, पण बेसचा पत्ता नाही. दोन्ही बेस शेजारी शेजारी ठेवलेले, जवळ जाऊन पाहिलं तर त्यांचे कोन, म्हणजे स्पीकरचे पडदे, जोरात हलत होते, हाताला वारा लागत होता. तरी मांडवात उभं राहिलं की छातीत काहीच बसेना. गेन वाढवला तर अ‍ॅम्पचा लाल दिवा लागायला लागला. बायका हळद घेऊन आल्या होत्या, मला घाम फुटला. सुचेना म्हणून अ‍ॅम्प बंद करून एका बेसची केबल काढली, पुन्हा चालू केला आणि धाडकन बेस आला. दोन लावले तर गायब, एक लावला तर भरपूर!

दादाला फोन केला. तो म्हणाला, "एक उलटा लागलाय. 9 व्होल्टचा सेल घे."

केबल अ‍ॅम्पपासून सोडवली आणि तिच्या टोकांना सेल क्षणभर टेकवला, प्लसला प्लस. पहिल्या बेसचा कोन टुपकन पुढे आला. दुसऱ्याचा आत गेला. त्याची केबल मागच्याच महिन्यात दुरुस्त होऊन आली होती. तिच्या टोकाचा स्पीकॉन कनेक्टर उघडला तर 1 प्लस आणि 1 मायनसच्या तारा अदलाबदल झालेल्या. एक कोन हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता, म्हणून आवाज एकमेकांत मरत होता. तारा बदलून स्क्रू आवळले.

मग लॅपटॉपमुळे स्पीकरमधून येणारी घूं घूं उरली. चार्जर काढला की ती थांबायची. एक पोरगा म्हणाला, चार्जरची अर्थची पिन तोडू. मी साफ नाही म्हणालो. मांडवात ओल असते, माणसं अनवाणी नाचतात. लॅपटॉप बॅटरीवरच चालवला.

दहाच्या आत अ‍ॅम्प आधी बंद केला, मग मिक्सर. केबल गुंडाळताना त्या स्पीकॉनला लाल टेप लावली.