वॉटर्लू रोडवरची निळी पाटी

परवा रविवारी मुद्दाम स्टॉकपोर्टला जाऊन आले. मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनातून गाडीने जेमतेम दहा मिनिटं. तिथे वॉटर्लू रोडवर एक साधी इमारत आहे आणि तिच्या भिंतीवर निळी पाटी. इथे स्ट्रॉबेरी स्टुडिओ होता. एप्रिल १९७९ मध्ये जॉय डिव्हिजन या बँडच्या चार पोरांनी आपला पहिला अल्बम, 'अननोन प्लेझर्स', इथेच रेकॉर्ड केला.

या देशात आले तेव्हा पोस्ट-पंक, म्हणजे पंकच्या वेगवान, आरडाओरडीच्या रॉकनंतर आलेलं संगीत, हा शब्दही मला ठाऊक नव्हता. ऑफिसातल्या एकाने जॉय डिव्हिजन ऐकवलं आणि पहिला प्रश्न पडला तो हा, की इथे गाण्याची चाल बेस गिटार का वाजवतोय? बेस म्हणजे खाली घुमणारा आवाज, एवढंच मला माहीत. इथे गिटार बाजूला उभी आणि बेस वरच्या सुरांत गातोय! त्यामागचं कारण कळलं तेव्हा फार आवडलं. बँडचा बेसवादक पीटर हूक, त्याचा अॅम्प्लिफायर इतका सुमार होता, की तालमीत खालचे सूर त्याचे त्यालाच ऐकू येत नसत. म्हणून तो वर सरकला आणि तिथेच राहिला.

बेस हातात घेण्याचं त्याने ठरवलं ते ४ जून १९७६ च्या रात्रीमुळे. लंडनचा पंक बँड सेक्स पिस्टल्स मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये वाजवायला आला होता. माणसं मोजकीच. त्यांत हूक होता, त्याचा शाळेपासूनचा मित्र, पुढे जॉय डिव्हिजनचा गिटारवादक झालेला बर्नार्ड समनर होता. हे तर आपणही करू शकतो, असं दोघांना वाटलं. त्या इमारतीत आता हॉटेल आहे. मी रोज तिच्यावरून जाते.

पंकने दार उघडलं, पण तोच वेग आणि तीच आरडाओरड किती दिवस पुरणार? मग डबमधला, म्हणजे बेस आणि प्रतिध्वनींवर उभ्या जमैकन संगीतातला, बेस आला, फंकचा ताल आला, सिंथेसायझर आले. पिस्टल्सचाच गायक जॉन लायडन, त्याने १९७८ मध्ये पब्लिक इमेज लिमिटेड हा नवा बँड काढून डबची वाट धरली. लीड्सच्या गँग ऑफ फोर या बँडची गिटार तर सुरी चालवल्यासारखी कोरडी आणि तुटक.

मला मात्र स्टॉकपोर्टचाच आवाज सगळ्यांत जवळचा. त्याचं श्रेय अल्बमचा निर्माता मार्टिन हॅनेटचं. त्याने स्टीफन मॉरिसचे ड्रम सुटे सुटे वाजवून घेतले, डिजिटल डिले या प्रतिध्वनी काढणाऱ्या यंत्राने त्यांच्यामागे अंतर उभं केलं, लिफ्टचा आणि काच फुटल्याचा आवाजही टेपवर घेतला. हूक आणि समनरला हे मुळीच रुचलं नव्हतं. त्यांना स्टेजवरचा दणका हवा होता. माझं मत विचाराल तर हॅनेटचंच बरोबर होतं. गायक इयन कर्टिसचा जड, खोल आवाज त्या मोकळ्या जागेत एकटा उभा राहतो. १८ मे १९८० ला त्याने आयुष्य संपवलं. वय अवघं २३. दुसऱ्या दिवशी बँडला दौऱ्यासाठी अमेरिकेला निघायचं होतं.

पाटीसमोर उभी राहून अख्खा अल्बम ऐकला, बोटं गारठेपर्यंत. तुम्ही ऐकाल तेव्हा मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. एक ठोका पडल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये काय उरतं, तिकडे कान द्या.