डम्परचं वजन खांबावर येतच नाही

खाणीवरच्या हेवी व्हेईकल वर्कशॉपचं स्ट्रक्चरल डिझाईन करतो म्हटलं की इकडं लातूरला सगळे एकच विचारतात, एवढाले डम्पर आत उभे राहणार म्हणजे खांब लई जाड लागत असतील ना? तर तसं नसतं, गाडीचं वजन फरशी घेते. 100 टनी डम्पर भरला की एकूण 160 टनांच्या आसपास जातो, वर्कशॉपला तो रिकामा येतो हे खरं, पण टायर काढायला स्टँडवर घेतला की त्या चाकाचा सगळा भार स्टँडखालच्या फूटभर प्लेटवर येतो आणि फरशी तिथंच फुटते. डोझरची चेन तर काँक्रीट खरवडूनच काढते, म्हणून त्या बेमध्ये, म्हणजे डोझर उभा करायच्या कप्प्यात, रूळ गाडून टाकायचे.

शेडचा खरा शत्रू वारा. डम्परचा डाला वर केला की 10 मीटर उंची होते, त्याच्यावर क्रेन, त्याच्यावर छप्पर, आणि समोर दारं एवढी मोठी की भिंत नावालाच उरते. आयएस 875 च्या भाग 3 मध्ये, म्हणजे वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, बंद इमारतीला आतल्या दाबाचा गुणांक (आत शिरलेला वारा छपराला किती ढकलतो त्याचा आकडा) 0.2 धरतात, पण भिंतीत 20 टक्क्यांच्या वर उघडं असलं की तोच 0.7 होतो. वारा सेकंदाला 39 मीटर धरा, चौरस मीटरला सुमारे 90 किलो दाब होतो, बाहेरची ओढ आणि आतून ढकलणं मिळून त्याच्याही वर जातं आणि पत्र्याचं स्वतःचं वजन असतं जेमतेम 5 किलो! आपल्याकडं वळवाच्या वाऱ्याला पत्र्यावर दगड ठेवतात ना, इथं ते दगडाचं काम फुटिंगचं, म्हणजे खांबाच्या पायाचं, काँक्रीट करतं, खांब वर उपटू नये म्हणून.

बाकी जोड सगळे बोल्टचे, आडरानात साईटवर चांगलं वेल्डिंग आणि त्याची तपासणी दोन्ही अवघड, आणि पीस ट्रेलरवर मावतील एवढेच.

ऑफिसातली पोरं म्हणतात, "सर, वादळात शटर बंदच असतील की, 0.2 धरू." मी नाही धरू देत. खाणीवर तिन्ही शिफ्टला गाड्या आत-बाहेर चालू असतात, एखाद्या गाडीचा धक्का लागून शटर वाकलं की महिनोन्‌महिने तसंच अर्धं अडकून राहतं, आणि खाली माणसं काम करत असतात. स्टील वाढलं म्हणून क्लायंटचा फोन येतो तेव्हा त्यांना मी हेच सांगतो, दार उघडं धरूनच डिझाईन होईल.